आखाजीची मोजणी

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत वैद्य गजाननशास्त्री पारोळेकर राहत असत. लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत. पहाटे पांझरेवर स्नान, मग देवपूजा, मग ओसरीवर रुग्ण, आणि दुपार कलल्यावर विद्यार्थ्यांना पाठ, असा त्यांचा दिवस वर्षानुवर्षे एकाच पावलाने चालत आला होता. पाठाचा आरंभ ते नेहमी एकाच विषयाने करीत: खरे कसे ओळखावे. शास्त्राने त्याचे चार मार्ग सांगितले आहेत. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी जाणला ते अनुमान. अनेक कारणे जुळवून निर्णय केला ती युक्ती. आणि चौथे, आप्ताचे वचन.

"आप्त म्हणजे नातलग नव्हे," नाना सांगत. "ज्याला त्या गोष्टीतून स्वतःसाठी काही नको आहे, तो आप्त. ज्याला काही हवे आहे त्याचेही ऐकावे. परंतु मानण्यापूर्वी उठून जाऊन पाहावे."

हा पाठ सर्वांत अधिक वेळा ज्याने ऐकला तो मुकुंद. नानांच्या गुरुबंधूचा हा मुलगा. प्लेगच्या साथीत त्याचे आईवडील एकाच आठवड्यात गेले, तेव्हा नाना स्वतः चाळीसगावास गेले आणि त्याला खांद्यावर घेऊन परतले. नानांना एकच कन्या, सुनंदा. ती आणि मुकुंद एकाच ताटात जेवून वाढली. सुनंदेचे लग्न होऊन ती अमळनेरास गेली, मुकुंद पुण्यास जाऊन वैद्यकाची पदवी घेऊन आला आणि लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले, तरी एक नेम मोडला नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या साऱ्या लेकींप्रमाणे सुनंदा माहेरी येई; आणि परसातल्या निंबाला तिच्यासाठी झोका बांधण्याचे काम मुकुंदाचे असे. दोराला पीळ किती हवा, फांदी कोणती सोसेल, हे त्याच्यावाचून कोणाला ठाऊक नव्हते.

शके अठराशे सत्तावन्नच्या आखाजीला मात्र झोका बांधला गेला नाही. मुकुंद त्या दिवशी निंबखेड्याला गेला होता.

"दादाला नेमका आजचाच दिवस सापडला का?" सुनंदा रुसून म्हणाली. "गडीमाणसाने बांधलेल्या झोक्यावर मी बसायची नाही."

"अगं, तो तुझ्या माझ्या खेळापेक्षा मोठ्या कामाला गेला आहे," नाना म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात अभिमान मावत नव्हता.

ते काम असे. बोरी नदीच्या अंगाला असलेल्या गावांमध्ये नारूचा उपद्रव फार. उन्हाळा तापू लागला की माणसाच्या पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून सुतासारखा पांढरा कृमी डोके काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनेन् महिने अंथरुणाला खिळे. नानांच्या घराण्यात या सुजेवर एक चूर्ण पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. मुकुंदाने पुण्याहून आल्यावर वेगळेच मांडले: नारू निघाल्यावर कशाला, हे चूर्ण आधीच पोटात दिले तर नारू निघणारच नाही. नानांच्या आजोबांनी असे कधी म्हटले नव्हते, वडिलांनीही नाही. पण प्रयोग करून पाहण्यास नानांची ना नव्हती.

मुकुंदाने दोन गावे निवडली. निंबखेडे आणि त्याच्या शेजारचे हिंगणखेडे. दोन्ही गावांना पिण्याचे पाणी पायविहिरीचे; बाया पायऱ्या उतरून, पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. पुरुष दिवसभर शेतातल्या विहिरींचे पाणी पीत, म्हणून पाहणी स्त्रियांचीच करायची असे ठरले. गेल्या उन्हाळ्यापासून निंबखेड्याच्या घरोघरच्या सुनांना चूर्णाच्या गोळ्या दिल्या गेल्या; हिंगणखेड्यात काहीच दिले नाही. वर्षाने दोन्हीकडे जाऊन पाहायचे, नारू कोणाला निघाला आणि कोणाला नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मुकुंद परतला तो ओसरीची पायरी चढता चढताच बोलू लागला.

"नाना, हिंगणखेड्यात घरटी एक तरी बाई लंगडते आहे. आणि निंबखेड्यात? अहो, बाया झोक्यावर उभ्या राहून झोके घेत होत्या! एकमेकींना हाका मारीत, गाणी म्हणत. पाय पाहिले मी प्रत्येकीचे. स्वच्छ. लंगडणारी एक सापडली असेल तर शपथ."

"वा!" नाना म्हणाले. "वा, मुकुंदा!" त्यांचे डोळे भरून आले. आजोबांची पंचपात्री त्यांनी त्या दिवशी पुन्हा एकदा घासून देवापुढे ठेवली.

ही वार्ता गावात पसरण्यास वेळ लागला नाही. धुळ्याचे कापसाचे व्यापारी हस्तीमल शेठ यांनी आपल्या दिवंगत मातोश्री धनकुंवरबाई यांच्या नावे निंबखेड्याला काही धर्मकार्य करण्याचा संकल्प केला होता. सरकारी डॉक्टर त्यांना सांगत होता, की नारू पायविहिरीच्या पाण्यातूनच येतो. पायविहीर बुजवा आणि कठडा व रहाट असलेली नवी विहीर बांधून द्या. मुकुंद सांगत होता, विहिरीला काय करायचे, औषधशाळा उघडा. एका गावाच्या नव्हे, साऱ्या खानदेशाच्या नारूचे निर्मूलन होईल. दोन्ही होण्यासारखे नव्हते. शेठ नानांच्या ओसरीवर येऊन बसले.

"शास्त्रीजी, मी शिकलेला माणूस नाही. येत्या आठवड्यात माझ्याकडे सभा आहे, डॉक्टर तिथे मोजणी वाचतील. तुम्ही म्हणाल ते करतो. विहीर म्हणाल तर विहीर, औषधशाळा म्हणाल तर औषधशाळा, आणि तिला आईच्या नावाबरोबर तुमच्या आजोबांचंही नाव. पण एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्ही स्वतः पाहून आलात?"

"मुकुंद पाहून आला आहे."

"ते झालं. पण मी कापूस घेताना ढिगाच्या वरवर बघून भाव करत नाही. हात कोपरापर्यंत आत घालतो. वरती नेहमी चांगलाच असतो हो." शेठ हसले. "रागावू नका. सवय पडली."

नाना रागावले नाहीत. उलट त्यांना थोडी लाज वाटली. उठून जाऊन पाहावे, हे आपणच शिकवतो, आणि आपणच बसून राहिलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी छकडा जुंपायला सांगितला. मुकुंदाला म्हणाले, "शंका म्हणून नव्हे रे. डोळे भरून पाहावे म्हणून जातो."

"ऊन फार आहे, नाना," एवढेच तो म्हणाला.

निंबखेड्यात ते पोचले तेव्हा वैशाख वद्य पक्ष लागला होता. पायविहिरीच्या तळाशी हिरवट पाणी उरले होते. झुंबरबाई नावाच्या वृद्ध बाईने त्यांना पाहताच घोंगडी अंथरली.

"या नाना, बसा. तुम्हना पाय लागनात, घर पावन व्हयनं. पन तुम्हनं औषध भलतं कडू शे बरं! नारू मरो ना मरो, खानारनी जीभ मरस."

नाना मनापासून हसले. त्यांचे हसू ओठांवर असतानाच आतून झुंबरबाईंची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती एका पायावर भार देऊन चालत होती. तांब्या ठेवताना लुगड्याची कड सरकली आणि घोट्याजवळ बांधलेली चिंधी दिसली. चिंधीतून एक काडी बाहेर आलेली होती.

"ही गोळ्या घेत नव्हती का?" नानांनी विचारले.

"घेस नही कशी? मन्हा समोर गिळ्यात तिनी, बठ्ठ्या गोळ्या."

"मग डॉक्टर पाहायला आले तेव्हा हे त्यांना दाखवले नाही?"

झुंबरबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. एवढ्या मोठ्या विद्वानाला एवढीशी गोष्ट समजावून सांगावी लागते आहे, याचे त्यांना हसू येत होते. "नाना, डाक्तर आखाजीले उना व्हता. आखाजीले सून घरमा कशी ऱ्हाई? ती तं माहेरले जास. मन्या पोरी येल व्हत्यात सासरथीन, त्यासलेच डाक्तरनी दखं. त्यानी इचारं, घरमा बाया कितल्या शेतस? मी म्हनं, ह्या शेतस."

"तुम्ही सांगितले नाही, की या लेकी आहेत, सुना नव्हेत?"

"त्यामा काय सांगानं? उघडा डोकाघाई झोकावर बसेल व्हत्यात. सून कदी सासरले आसा झोका घेस का?"

तांब्यातले पाणी तसेच राहिले. नाना उठले आणि घरोघर फिरले. झोका! मुकुंद ओसरीची पायरी चढता चढता जे सांगत होता ते सगळे त्यांना शब्दन् शब्द आठवू लागले. उभ्या राहून, एकमेकींना हाका मारीत, गाणी म्हणत झोके घेणाऱ्या बाया. जन्मभर खानदेशात राहिलेल्या माणसाने ते ऐकले आणि "वा" म्हटले! त्या लेकी दूरच्या गावांहून आल्या होत्या, दुसऱ्याच विहिरींचे पाणी पिऊन. त्यांचे पाय स्वच्छ असतील नाहीतर काय? आणि ज्यांनी वर्षभर कडू गोळ्या गिळल्या त्या सुना आता आपापल्या घरी परतल्या होत्या. नाना ज्या घरात गेले तिथे कोणी ना कोणी पाय पसरून बसलेली होती.

परतताना छकड्यात ते मुकुंदाची बाजू मनाशी मांडू लागले. पुण्यात वर्षे काढली, रीतिरिवाज विसरला असेल. कामाच्या ओढीत तिथीचे भान राहिले नसेल. पण प्रत्येक समजूत परसातल्या निंबापाशी येऊन अडखळत होती. या मुलाने यंदापर्यंत एकही आखाजी चुकवली नव्हती. आणि हिंगणखेड्याची मोजणी त्याने चैत्रातच उरकली होती, सुना घरी असताना.

मुकुंद औषधांच्या खोलीत खल घेऊन बसला होता. नाना दारातच उभे राहिले.

"निंबखेड्याची मोजणी आखाजीला का केलीस, मुकुंदा?"

"नारूचा तो ऐन काळ, नाना."

"हिंगणखेड्याची चैत्रात केलीस."

"गाडी मिळाली तेव्हा गेलो."

"सुना कुठे होत्या?"

मुकुंदाचा हात खलावर थांबला. "राहिले असेल ध्यानात यायचे. चूक होते माणसाची."

"होते. पण आखाजीला सुनंदा अमळनेरात सापडत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तिचा झोका कोण बांधीत असे?"

मुकुंदाने खल बाजूला सारला. त्याच्या स्वरात भीती नव्हती, राग होता. "मी लपवले कुठे? इथे ओसरीवर उभे राहून झोक्यांचे सांगितले तुम्हाला. कोणत्या बाया, असे एकदा तरी विचारलेत? तुम्हाला जे ऐकायचे होते ते तुम्ही ऐकलेत, नाना."

हे खरे होते.

मुकुंद उठून जवळ आला. त्याचा आवाज मऊ झाला. "पुण्यात आपल्या चूर्णाची पुडी उघडून दाखवली तर मुले माती म्हणून हसत. मी रडलो होतो त्या दिवशी. औषधशाळा एकदा उभी राहू द्या. मग दहा गावांत मोजू, हव्या त्या महिन्यात मोजू. आज मोजणी चुकली असेल. औषध चुकलेले नाही."

"हे तुला कसे कळले?"

"तुमचे आहे म्हणून."

इतके प्रेमाचे वाक्य नानांना आयुष्यात फार थोड्यांनी ऐकवले होते, आणि ऐकताना छातीत असे कधी दुखले नव्हते. ते हळूच म्हणाले, "बाळ, माझे आहे म्हणून ते खरे ठरत नाही. हेच तर शिकवले ना मी? सभेत हे वाचू नकोस. उद्या दोघे मिळून जाऊ, सुना घरी आहेत. जे दिसेल ते सांगू."

मुकुंदाने मान खाली घातली. "बरे, नाना."

दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कोणी तरी रुग्ण पाहायला बोलावले. निंबखेड्याला जाणे झाले नाही, आणि सभेचा दिवस उजाडला. तरीही नाना निश्चिंत होते. तो बरे म्हणाला होता.

सभा हस्तीमल शेठजींच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारात मांडवाखाली भरली. नगरातले वैद्य होते, वकील होते, दोन्ही गावांचे लोक बैलगाड्या घेऊन आले होते. निंबखेड्याचे झुलाल पाटील पुढच्या गादीवर बसले होते. नानांना मध्यभागी बसवून हार घातला गेला. मुकुंद बोलायला उभा राहिला. त्याने नमस्कार केला आणि शांत, गोड वाणीने सारे सांगितले: हिंगणखेड्यात नारूने घरटी बाई लंगडते, निंबखेड्यात चूर्ण घेतल्यामुळे एकही नाही. नाना हातातल्या उपरण्याचे टोक घट्ट धरून ऐकत होते. अजून तो थांबेल असे त्यांना वाटत होते.

"आणि माझ्या शब्दावर कोणी विसंबू नये," मुकुंद शेवटी म्हणाला, "म्हणून प्रत्यक्ष नाना या वयात, या उन्हात निंबखेड्यास जाऊन, घरोघर फिरून आले आहेत."

टाळ्या कडाडल्या. वैद्यमंडळी नानांकडे वळून हात जोडू लागली. मुकुंदाने नानांकडे पाहिले. त्या नजरेत याचना होती आणि खात्रीही होती, की ज्याने खांद्यावरून आणले तो भरल्या सभेत खाली टाकणार नाही.

हस्तीमल शेठ म्हणाले, "शास्त्रीजी, आता तुम्ही सांगा. विहीर का औषधशाळा?"

नाना उठले.

"मी निंबखेड्यास गेलो होतो, हे खरे आहे," ते म्हणाले. मग झुलाल पाटलांकडे वळून त्यांनी विचारले, "पाटील, डॉक्टरांनी तुमच्या गावात मोजणी केली तो दिवस कोणता?"

"आखाजीना, नाना."

"आखाजीला तुमच्या गावच्या सुना कुठे असतात?"

पाटील खदखदून हसले. "कोठे ऱ्हातीन? आपापला माहेरले! आखाजीले सूनले घरमा कोंडी असा सासरा आमना गावमा आजून जन्मले येल नही!"

सारी सभा हसली. मागे बसलेल्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. नाना मात्र हसले नाहीत; हात जोडून उभे राहिले. हसणे आधी पुढच्या रांगेत थांबले, मग मागे, आणि मग इतकी शांतता झाली की मांडवाबाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू येऊ लागला. हस्तीमल शेठ हळूहळू मुकुंदाकडे वळले.

"सुना परतल्यावर मी त्यांना पाहिले," नाना म्हणाले. "त्यांनी औषध घेतले होते आणि नारूही निघाला आहे. शेठजी, विहीर बांधा."

गळ्यातला हार त्यांनी काढून गादीवर ठेवला आणि ते चालत घरी आले. सोबत कोणी आले नाही. एक वृद्ध वैद्य मागून ऐकू जाईल असे म्हणाले, "आपल्याच विद्येचा गळा कापला या माणसाने." त्याचे नानांना वाईट वाटले नाही. वाटेत ते पुन्हा पुन्हा एकाच शब्दापाशी थांबत होते. बरे, नाना. तो मुलगा दारात मान खाली घालून असे म्हणाला, तेव्हाच त्याने सभेतले शेवटचे वाक्य योजून ठेवले असेल का? खोटी मोजणी त्यांनी कदाचित क्षमाही केली असती. पण त्यांचे स्वतः उठून जाणे, त्यांची जन्मभराची शिकवण, तीच उचलून त्याने त्या खोट्याला टेकू म्हणून लावली होती.

मुकुंद संध्याकाळी ट्रंक घेऊन निघाला. ओसरीवर नाना बसलेले होते. त्याने वाकून नमस्कार केला नाही, आणि नानांनीही कुठे जातोस असे विचारले नाही. पुढे कळले, की तो जळगावास दवाखाना काढून बसला आहे आणि चांगले चालते आहे.

विहीर झाली. पायविहीर दगडमातीने बुजवली गेली. विहीर झाल्यावर दुसऱ्या वर्षी चैत्रात नाना छकडा जुंपून निंबखेड्यास गेले आणि घरोघरच्या सुनांचे पाय त्यांनी स्वतः पाहिले. दोघींच्या घोट्याशी अजून चिंधी होती. बाकीच्यांचे पाय स्वच्छ होते. गावकऱ्यांना आनंद झाला. नाना एवढेच म्हणाले, की पुढच्या चैत्रात पुन्हा पाहू, मग बोलू.

झुंबरबाई रहाटापाशी बसल्या होत्या. त्यांनी चेष्टेने हटकले, "नाना, मव्हरे आखाजी शे. तव्हय या ना! पोरी ऱ्हातीन, झोका ऱ्हाईन, तुम्हले पुरनपोळी करी घालसू."

"आखाजीला माझी पोर माझ्या घरी असते, बाई," नाना छकड्यात चढता चढता म्हणाले. "आणि तिचा झोका आता मलाच बांधावा लागतो. मला काही नीट जमत नाही. दोर सारखा एका बाजूला उतरतो."